प्रजासत्ताकाचे शस्त्र

वायमार प्रजासत्ताकाने आत्मरक्षणासाठी कायदेच केले नव्हते, हा समज इतिहासाला धरून नाही. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाउ यांची हत्या झाली आणि महिन्याभरात जर्मन संसदेने प्रजासत्ताक-संरक्षणाचा कायदा संमत केला. राजद्रोहाबद्दल शिक्षा झालेल्या परकीयास देशाबाहेर घालवावे, असे त्यात एक कलम होते. एप्रिल १९२४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयापुढे असाच एक परकीय उभा होता : ऑस्ट्रियाचा नागरिक अडॉल्फ हिटलर. फसलेल्या उठावाबद्दल त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. परंतु मनाने जर्मन असलेल्या माणसास हे कलम लावता येत नाही, असा निर्वाळा न्यायाधीशांनी दिला. डिसेंबरात तो तुरुंगाबाहेर आला. कायदा होता, तो वापरण्याची इच्छा नव्हती.

पुढे नेमके उलट घडले. राज्यघटनेच्या ४८ व्या कलमातील आणीबाणीचे अधिकार प्रजासत्ताकाच्या रक्षणार्थ होते. २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकुमाने त्यांच्याच आधारे मूलभूत हक्क स्थगित केले. रक्षणाचे शस्त्र शत्रूच्या हाती गेले.

देशोधडीला लागलेले कायदेपंडित कार्ल लोवेनश्टाइन यांनी १९३७ मध्ये ‘लढाऊ लोकशाही’ची कल्पना मांडली. १९४९ च्या पश्चिम जर्मन घटनेने तिला रूप दिले. मात्र पक्ष घटनाविरोधी ठरवण्याचा अधिकार सरकारला न देता केवळ घटना न्यायालयाकडे सोपवला. १९५२ मध्ये नाझी परंपरेतील सोशलिस्ट राइख पक्षावर, १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. दुसरा निर्णय आजही वादग्रस्त आहे. कारण तो पक्ष १९५३ च्या निवडणुकीतच संसदेबाहेर फेकला गेला होता.

पुढे न्यायालय अधिक सावध झाले. अतिउजव्या नॅशनल डेमोक्रॅटिक पक्षाविरुद्धचा खटला २००३ मध्ये बंद पडला, कारण पक्षाच्या नेतृत्वातच सरकारी गुप्तहेर होते. २०१७ मध्ये त्याच पक्षाची उद्दिष्टे घटनाविरोधी ठरली, पण ती साध्य करण्याचे सामर्थ्य नसल्याने बंदी नाकारली गेली. २०२४ मध्ये सहा वर्षांसाठी त्याचे सरकारी अर्थसाहाय्य तेवढे बंद झाले.

कायदा लोकशाहीला शस्त्र देतो. ते उचलण्याचे धैर्य आणि म्यान करण्याचा विवेक मात्र कोणत्याही कलमात लिहून ठेवता येत नाही.