पास घरी राहिला, माणूस भटका ठरला

मागच्या बैठकीत एका बाईला गटात घेण्याचा विषय निघाला. ती बिहारहून आलेली, चार वर्षं आपल्याच गावात भाड्याने राहणारी. “परकी आहे, कर्ज घेऊन निघून जाईल,” असं काहीजणी म्हणाल्या. मीही गप्प बसले. म्हणून आज मॉरिशसची गोष्ट सांगते.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी करारावर नेलेले भारतीय मजूर तिथे पोर्ट लुईला उतरले. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजं गेली. त्यांत रत्नागिरीकडची आपली माणसं होती. उसाच्या मळ्यात पुरुषाला महिना ५ रुपये मिळत. एक खाडा झाला, की दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

करार संपल्यावर काहींनी भाजी पिकवली, फेरीचा धंदा केला. मळेवाल्यांना मात्र ते परत मळ्यातच हवे होते. त्यामुळे ‘आळशी, भटके, चोर’ अशी त्यांची बदनामी झाली. १८६७ च्या कायद्याने त्यांना फोटोचा पास सक्तीचा केला. पास घरी राहिला तरी अटक व्हायची.

१८७१ मध्ये ९ हजारांहून जास्त जणांनी अर्ज केला. पुढच्या वर्षी चौकशी आयोग आला. त्यांच्या बऱ्याच तक्रारी खऱ्या निघाल्या.

‘भटके’ म्हटलेले ते लोक तिथेच रुजले. तिथल्या मराठी घरांत आजही गणपती बसतो.

त्या बाईला मी पुढच्या बैठकीला बोलावलंय. जे विचारायचं, ते तिलाच विचारू.