खिशातला विस्तव

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा. पण जरा बारकाईने पाहिले तर तो विस्तव मर्यादेत राहिल्याचा सण आहे, असे म्हणावे लागते. पणतीत पावशेर तेल असले तरी ते एकदम पेट घेत नाही. वातीच्या धाग्याधाग्यातून त्याला थेंबाथेंबाने वर यावे लागते आणि आपली पाळी आली की जळावे लागते. तेल आणि ज्योत यांच्यामध्ये ती कापसाची वात उभी आहे, म्हणून ती पणती. ती नसती तर त्याला आपण आग म्हटले असते.

चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवणे ही आपल्या आजीपणजीची नित्याची विद्या होती. परंतु विस्तव बरोबर घेऊन हिंडायचे असेल तर काय करावे? वाटसरूला, मेंढपाळाला, शिपायाला, रात्री राखणीला जाणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न शतकानुशतके पडला. त्याचे उत्तर प्रत्येक काळाने निराळ्या साहित्याने दिले, पण उत्तर एकच होते : ज्या दोन वस्तू एकत्र येताच पेट घेतात, त्या वेळ येईपर्यंत एकमेकींपासून दूर ठेवा. त्या दोहोंमधल्या अंतराचा हा इतिहास आहे. आणि आज हे अंतर केसाहूनही बारीक झाले असल्यामुळे तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे या विद्येचा पहिला धडा म्हणजे चकमक. गारेचा खडा, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस एवढा संसार एका लहानशा पिशवीत मावे. गार आणि पोलाद एकाच पिशवीत शेजारी नांदत, पण माणसाने हाताने ठिणगी पाडल्यावाचून काही घडत नसे. चकमकीने कोणाचे धोतर जळाल्याचे ऐकिवात नाही.

या चकमकीला मोठे काम मिळाले ते तंबाखूमुळे. तंबाखू पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दक्षिणेत रुजली. इसवी सन १६०४-०५ च्या सुमारास असद बेग हा अकबराचा सरदार विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि एक नक्षीदार नळी बादशहापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने झुरका घेतला. हकिमाने हरकत घेतली. दरबारात वादंग झाला. पुढे १६१७ साली जहांगीराने धूम्रपानाला बंदी केली. बंदी कागदावर राहिली आणि हुक्का घरोघर गुडगुडू लागला! मात्र हुक्क्याच्या रचनेतही तेच जुने शहाणपण होते. निखारा वर चिलमीत, ओढणारा दूर नळीच्या टोकाशी आणि मध्ये पाणी. प्रकृतीचा अपाय त्याने टळत नसे. पण निखारा अंगावर येत नसे, हे निश्चित.

आमचे जाफराबाद हे केळणा आणि पूर्णा यांच्या संगमावरचे गाव. औरंगजेबाच्या काळातल्या जाफरखानाच्या जहागिरीवरून त्याला हे नाव पडले. ढासळलेला तट आणि दगडी गढी अजून त्या दिवसांची साक्ष देतात. १८०३ च्या सप्टेंबरात शिंदे-भोसल्यांची छावणी भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान पसरली होती. २३ सप्टेंबरला केळण्याच्या काठी असईला वेलस्लीच्या फौजेशी तिची गाठ पडली. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची अशी दाणादाण उडवली की, पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती म्हातारपणीही असईचे नाव विसरला नाही. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या कवायती पलटणींच्या बंदुकांत काय होते? तीच आपली चकमक! घोड्याच्या जबड्यात गार, समोर पोलादी पत्रा, खाली रंजकीची दारू आणि रंजकीवर झाकण. झाकण नीट बसले तर शिपाई जिवंत, ढिले झाले तर भलत्याच वेळी बार. शस्त्रागाराचे सारे कौशल्य त्या बोटभर झाकणापाशी येऊन थांबे.

गंमत अशी की, केळण्याकाठी गार पोलादावर आपटत होती त्याच्या तीनच वर्षे आधी, १८०० साली, इटलीतल्या व्होल्टा नावाच्या पंडिताने ठिणगीचा सर्वस्वी निराळा मार्ग शोधून काढला होता. त्याने जस्त आणि चांदी यांच्या चकत्या एकावर एक रचल्या आणि प्रत्येक जोडीनंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्याची चकती घातली. त्या उतरंडीच्या दोन टोकांना तारा जोडताच वीज वाहू लागली. जगातली पहिली घटमाला ती हीच. हिच्यातही खुबी त्या ओल्या पुठ्ठ्यात होती. पुठ्ठा काढला तर धातूला धातू भिडणार आणि सारा खेळ आटोपणार.

दरम्यान विस्तवाने काडीचे रूप घेतले होते. १८२७ साली इंग्लंडात घासून पेटणारी काडी विकली जाऊ लागली. पुढे तिच्या गुलात पांढरा फॉस्फरस आला आणि ती कोठेही घासा, पेटू लागली. खिशातल्या खिशातही पेटू लागली! कारखान्यांतल्या मजुरांची जबड्याची हाडे त्या विषाने कुजली, ते दुःख आणखी निराळे. अखेर १८५५ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी निर्धोक काडेपेटी बाजारात आणली. त्यांनी केले एवढेच, की काडीचा आणि तांबड्या फॉस्फरसचा संसार मोडला. पेट घेणारे एक द्रव्य काडीच्या टोकाला ठेवले, दुसरे पेटीच्या कडेला लावले. ही दोघे भेटल्याशिवाय ज्योत नाही. आपल्याकडे १९२३ साली 'विम्को' कंपनी निघाली आणि कल्याणजवळ अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. ज्या काडेपेटीने आपण आज पणत्या लावणार, तिच्या कडेचा तो तपकिरी पट्टा म्हणजे एका मोठ्या शोधाची खूण आहे.

व्होल्टाच्या ओल्या उतरंडीलाही माणसाळावे लागलेच. १८५९ साली फ्रान्सच्या प्लांटेने शिशाचा घट केला. तो रिता झाला की पुन्हा वीज भरता येई. १८६६ साली लेक्लांशेने जस्त आणि कोळशाच्या कांडीचा घट केला आणि १८८६ च्या सुमारास गासनरने तो कोरडा, न सांडणारा बनवला. हाच पुढे विजेरीत जाऊन बसला आणि आपल्या खेड्यांत पोचला. खेड्यात आजही विजेरीला कोणी विजेरी म्हणत नाही. 'बॅटरी' म्हणतात आणि आतल्या घटाला 'सेल' म्हणतात. आपणही तेच शब्द वापरू.

या जुन्या सेलने आपल्या हाताला काही सवयी लावल्या. प्रकाश मंद झाला की सेल उन्हात वाळत घालायचे. त्याने भागले नाही तर दगडाने हलकेच ठोकायचे, क्वचित दातांनी चेपायचेही! अगदीच संपला तर पोरांनी फोडून आतली कोळशाची कांडी पाटीवर ओढायची. बाजारात गेल्यावर स्वस्तातला स्वस्त सेल घ्यायचा. फार तर तो पाझरेल, विजेरीची स्प्रिंग गंजेल. यापलीकडे नुकसान ते काय होणार? या सवयी वाईट होत्या असे नाही. त्या सेलपुरत्या त्या खपून गेल्या. पण सेल बदलला आणि सवयी राहिल्या, येथे आपल्या गोष्टीतला धोका सुरू होतो.

नवा सेल लिथियमचा. १९७० नंतरच्या दशकात व्हिटिंगहॅमने त्याची वाट दाखवली, १९८० साली गुडइनफने तिला बळ दिले, १९८५ साली जपानच्या योशिनोने तो वापरण्याजोगा केला आणि १९९१ साली सोनी कंपनीने तो बाजारात आणला. तिघांना मिळून २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सेलचे पोट उघडले तर काय दिसते? (उघडू मात्र नये!) अॅल्युमिनियमचा एक पातळ पत्रा, तांब्याचा दुसरा, दोहोंवर रसायनांचे लेप, मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा, आणि हे सारे सुरळीच्या वडीसारखे गुंडाळून, पेट घेणाऱ्या द्रवात भिजवून डब्यात कोंबलेले. तो मधला पडदा साधारण वीस मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. चकमकीत अंतर वीतभर होते, काडेपेटीत बोटभर. येथे ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. हा पडदा फाटला, चेपला वा वितळला की आतली उष्णता उष्णतेलाच जन्म देत जाते आणि क्षणार्धात सेल भडकतो.

धूम्रपानाची जुनी कथा या नव्या सेलला येऊन मिळाली ती अशी. हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकनाने १९६३ साली धुराविना, विजेवर चालणाऱ्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६५ साली ते मिळाले, पण तिचा धंदा काही उभा राहिला नाही. २००३ साली चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाने निकोटिनच्या द्रवाची वाफ करणारे यंत्र काढले आणि लिथियमच्या सेलच्या बळावर ते जगभर गेले. या यंत्रात तारेचे वेटोळे तापवायचे असते. शाळेतल्या ओहमच्या नियमाने हिशेब करा. भरलेल्या सेलचा दाब सुमारे चार व्होल्ट आणि वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम असेल, तर आठ अँपिअरचा प्रवाह. रोध पाचावा हिस्सा ओहम असेल तर वीस अँपिअर! सेलची तेवढी ताकद नसली म्हणजे तो खिशात किंवा तोंडापाशीच पेटे. परदेशांत कित्येकांच्या मांड्या भाजल्या, दात गेले; २०१८ साली अमेरिकेत फ्लोरिडात एकाचा प्राणही गेला. हुक्क्याने चार शतकांत निखारा माणसापासून दूर ठेवला होता. या यंत्राने तो ओठांशी आणून ठेवला.

आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा होऊन या यंत्रांची निर्मिती, आयात, विक्री व जाहिरात बंद झाली. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जहांगीरापेक्षा हा कायदा कडक आहे आणि मुलांच्या फुप्फुसांसाठी तो योग्यच आहे.

तेव्हा तो सेल आपल्या गावी कधी येणारच नाही, असे मात्र कोणी समजू नये. तो केव्हाच आलेला आहे. मराठवाड्यात पंपाला वीज पुष्कळदा रात्रीचीच मिळते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या कपाळावर जो पट्ट्याचा दिवा असतो, त्यात तोच सेल असतो : अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब, म्हणून नाव '१८६५०'. पोरांच्या खेळण्यात, मोबाइलच्या पॉवरबँकेत, इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये त्याचीच भावंडे. २०२२ साली वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा दगावला. म्हणून सेल पारखण्याची विद्या व्यसनी माणसाची नव्हे, गृहस्थाची आहे.

ती अवघड नाही. पहिली गोष्ट, आकड्यांना भुलू नये. नामांकित कारखान्याच्या १८६५० सेलची क्षमता साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. वेष्टनावर ९९०० छापलेले असेल तर छापणाऱ्याची जीभ लांब आहे इतकेच समजावे. खरा सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. संशय आल्यास सराफाच्या काट्यावर ठेवून पाहावा, फार हलका भरला तर परत करावा. पुष्कळदा मोडक्या लॅपटॉपमधले जुने सेल काढून नव्या रंगीत वेष्टनात विकतात. तेव्हा अनोळखी नावाचा, बिलाविना मिळणारा सेल घेऊ नये. भारतीय मानक ब्युरोची खूण व नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा.

दुसरी गोष्ट, वेष्टन. या सेलचा सगळा डबाच ऋण टोक असतो आणि वरची टोपी धन टोक. दोघांत अंतर टोपीभोवतीच्या अरुंद कड्याएवढेच. वेष्टन फाटले आणि खिशात किल्ल्या वा नाणी असली की ती दोन टोके जोडली गेलीच. म्हणून सुटा सेल कधीही खिशात टाकू नये. त्याची प्लॅस्टिकची डबी मिळते, ती घ्यावी.

तिसरी गोष्ट, चार्जर. सेल ४.२ व्होल्टला पोचला की भरणे आपोआप थांबवणारा चार्जर हवा. दुसऱ्या जातीच्या बॅटरीचा चार्जर, केवळ पिन बसते म्हणून, लावू नये. चार्जिंग फरशीवर करावे. गादीवर, कापसाच्या ढिगाजवळ किंवा झोपलेल्या मुलांच्या खोलीत करू नये. फुगलेला, चेपलेला, पाण्यात पडलेला सेल पुन्हा वापरू नये. तो कचऱ्यात किंवा चुलीतही टाकू नये. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराकडे त्याचा आग्रह धरावा. आणि उन्हात वाळत घालणे, दगडाने ठोकणे, दातांनी चेपणे हे आजोबांचे उपाय आजोबांच्या सेलबरोबरच संपले असे समजावे.

चकमकीच्या पिशवीपासून कपाळावरच्या दिव्यापर्यंत माणसाने विस्तव उत्तरोत्तर लहान, हलका आणि स्वस्त करत आणला. या प्रवासात ज्यांनी मधले झाकण, मधली कड, मधला पडदा प्रामाणिकपणे घातला, त्यांच्यामुळे आपण निर्धास्त झोपतो. ज्यांनी चार पैशांसाठी तो पडदा पातळ केला, त्यांचा माल ओळखणे हे मात्र आपल्यालाच शिकले पाहिजे. यंदा भाऊबीजेला शेतावरच्या भावासाठी बहिणीने कपाळावरचा दिवा घेतला, तर खोक्यावरच्या चित्रापेक्षा आतला सेल आधी पाहावा. रात्री दोनला बांधावर उभ्या असलेल्या त्या भावाच्या डोक्याशीच तो विस्तव असणार आहे.