प्रिसिजन मेडिसिन म्हणजे काय? मलेरियाच्या गोळीपासून समजून घेऊया

मागच्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला. कळव्यात राहणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. रिपोर्टमध्ये ‘व्हायवॅक्स’ आला. हा परजीवी यकृतात लपून बसतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला तिथून काढायला साधारणपणे १४ दिवस प्रायमाक्विनच्या गोळ्या देतात. पण त्याआधी डॉक्टरांनी जी-६-पीडी नावाची रक्तचाचणी सांगितली. मला वाटलं, उगाच खर्च!

घरी आई म्हणाली, “अरे, तुझ्या मामाला मलेरियाच्या गोळ्यांनी लघवी काळी झाली होती. रक्त चढवावं लागलं होतं.”

नेमकं काय होतं?

जी-६-पीडी हे एन्झाइम तांबड्या पेशींचं रक्षण करतं. ते कमी असेल तर प्रायमाक्विनमुळे पेशी फुटतात. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतं. म्हणून हा दोष मामा आणि भाचा दोघांतही असू शकतो. माझंही एन्झाइम कमी निघालं. मग डॉक्टरांनी तेच औषध आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली दिलं.

प्रिसिजन मेडिसिन ते हेच: आजाराचं नाव बघून सगळ्यांना एकच औषध न देता, रुग्णाची जनुकं आणि शरीर बघून उपचार ठरवायचे.

याचं पुढचं टोक

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरमध्ये विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांच्यात जनुकीय बदल करतात. मग त्या रक्ताच्या काही कर्करोगांच्या पेशी ओळखून मारतात. म्हणजे प्रत्येक रुग्णाचं औषध वेगळं बनतं. परदेशाच्या तुलनेत ते बरंच स्वस्त आहे, तरी खर्च लाखांत जातो.

अडचणी कोणत्या?

पहिली म्हणजे खर्च. दुसरी, जगातला बराचसा जनुकीय डेटा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. ही उणीव भरून काढायला ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले. तिसरी, गोपनीयता: पासवर्ड लीक झाला तर बदलता येतो, जीनोम नाही.

तुम्ही आज काय करू शकता?

घरात कुणाला कोणतं औषध सोसलं नव्हतं, हे विचारून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. मामाची गोष्ट मला आजारी पडल्यावर कळली. तुम्ही आधीच विचारा.