वीज जमिनीत उतरविणारी चकती

सोलापूर - रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वीजवाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेकडील राज्यांचे वीजजाळे देशाच्या उर्वरित जाळ्याशी एका लयीत चालू लागले. सुमारे २०८ किलोमीटर लांबीच्या या वाहिनीने सोलापूरला राष्ट्रीय वीजनकाशावर मोक्याचे स्थान मिळवून दिले. एवढ्या मोठ्या दाबाच्या उपकेंद्रातील रोहित्र निकामी झाले, तर दुसरे आणून बसविण्यास महिने लागतात. वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेपासून या रोहित्राचे रक्षण करण्याचे काम ज्या वस्तूवर सोपविलेले असते, ती असते जस्ताच्या ऑक्साइडची, भट्टीत भाजलेली करड्या-काळ्या रंगाची चकती. तिलाच व्हॅरिस्टर म्हणतात.

उपकेंद्रात रोहित्राशेजारी चिनी मातीचे किंवा पॉलिमरचे, झालरी असलेले उंच खांब दिसतात. हे तडितरोधक, वीज कर्मचाऱ्यांच्या बोलीत 'एलए'. त्यांच्या पोटात या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. नेहमीच्या दाबाला चकती जवळजवळ विद्युतरोधक असते. तिच्यातून मिलिअँपिअरच्या घरातील क्षुल्लक प्रवाह झिरपतो. वीज कोसळून दाब उसळला, की एका सेकंदाच्या अब्जांशाच्या हिशेबात ती वाहक बनते, हजारो अँपिअरचा लोंढा जमिनीत सोडते आणि दाब ओसरताच पुन्हा पूर्ववत होते.

हे घडते ते कणांच्या सीमांवर. जस्ताच्या ऑक्साइडचा प्रत्येक सूक्ष्म कण स्वतः बऱ्यापैकी वाहक असतो. मिश्रणात थोड्या प्रमाणात घातलेल्या बिस्मथ, अँटिमनी, कोबाल्ट, मँगनीज आणि क्रोमियम यांच्या ऑक्साइडांमुळे दोन कणांच्या सीमेवर विजेला अडविणारा बांध तयार होतो. असा प्रत्येक बांध सुमारे ३ व्होल्टला फुटतो. कण १५ मायक्रॉनचा असेल, तर एका मिलिमीटरमध्ये साठ-पासष्ट बांध येतात, म्हणजे सुमारे २०० व्होल्ट. भारतात ७६५ किलोव्होल्टच्या जाळ्यासाठी ६२४ किलोव्होल्ट रेटिंगचा तडितरोधक वापरण्याची पद्धत आहे. त्याचा शिखरदाब ८८० किलोव्होल्टच्या आसपास येतो. या हिशेबाने नुसत्या चकत्यांचीच चळत चार-साडेचार मीटर उंच होते.

आरेखनाचा ढोबळ नियम त्यातूनच निघतो. उंची दाब ठरविते, क्षेत्रफळ प्रवाह ठरविते आणि घनफळ किती ऊर्जा पचेल ते ठरविते. दर घन सेंटीमीटरमागे सुमारे २०० ज्यूल ही सर्वसाधारण मर्यादा. चळत उंच केली तर तडितरोधकाचे आयुष्य वाढते, पण रोहित्रापर्यंत पोहोचणारा दाबही वाढतो. उंची कमी केली तर रोहित्र सुरक्षित राहते, मात्र चकत्यांवर रोजचा ताण येतो. ७६५ किलोव्होल्टचे रोहित्र विजेच्या आघाताचा १९५० किलोव्होल्टपर्यंतचा दाब सोसेल, असे बनविलेले असते. तडितरोधकाने दाब त्याच्या बराच खाली रोखून धरावयाचा असतो.

पूर्वी हे काम सिलिकॉन कार्बाइडकडे होते. त्यात प्रवाह दहा लाख पटींनी वाढला तर दाबही पंधरा ते तीस पट वाढे. म्हणून त्याच्यासोबत ठिणगीची फट ठेवावी लागे आणि ही फट हेच त्याचे दुखणे होते. जपानमधील मात्सुशिता कंपनीचे मिचिओ मात्सुओका यांनी जस्ताच्या ऑक्साइडचे हे गुण १९७१ मध्ये शोधनिबंधातून मांडले. त्यात तेवढ्याच प्रवाहवाढीला दाब जेमतेम दीडपट वाढतो. फटीची गरजच उरली नाही. महाराष्ट्रात चिंचवडच्या एल्प्रो इंटरनॅशनलने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने तडितरोधकांच्या उत्पादनात नाव कमावले. नाशिकच्या अंबड येथे क्रॉम्प्टन ग्रीव्हजने, म्हणजे आताच्या सीजी पॉवरने, हा उद्योग उभारला.

निर्मितीची रीत पाहिली, तर हे विद्युत अभियांत्रिकीपेक्षा कुंभारकामाच्या अधिक जवळचे वाटते. ऑक्साइडांची भुकटी पाण्यात दळून तिचा राडा करतात, गरम हवेत फवारून बारीक दाणे बनवितात, साच्यात दाबून चकत्या पाडतात आणि ११०० ते १२५० अंश सेल्सिअसवर भाजतात. भट्टीत चकती प्रत्येक बाजूने १५ ते १८ टक्के आक्रसते. तापमान थोडे चढले तरी कण मोठे होतात, बांधांची संख्या घटते आणि चकतीचा दाब उतरतो. एकाच चकतीत एक भाग जास्त, दुसरा कमी भाजला गेल्यास सगळा प्रवाह एका वाटेने धावतो व चकतीला भोक पडते किंवा ती तडकते. खरे कसब या भट्टीपाशी लागते. पुढे दोन्ही तोंडे घासून त्यांवर ॲल्युमिनिअमचा थर फवारतात, कडेला काचेचा लेप देतात आणि चकत्यांवर प्रवाहाचे आघात करून कच्चा माल बाजूला काढतात. घरच्या स्पाइक गार्डमधील नाण्याएवढा व्हॅरिस्टर हा याच कुळातला.

फट नसल्याने चकतीला जन्मभर दाबाखाली उभे राहावे लागते. तापल्यावर तिचा रोध घटतो, त्यामुळे झिरपणारा प्रवाह वाढतो, त्याने ती आणखी तापते. उष्णता बाहेर पडण्याच्या वेगाला या चक्राने मागे टाकले, तर तडितरोधक फुटतो. खांबाची सीलबंदी सैल होऊन ओल आत शिरली तरी शेवट तोच. सोलापूरचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो, हे लक्षात घेतले म्हणजे झिरप प्रवाहाची नियमित मोजणी ही केवळ औपचारिकता ठरत नाही. नुसता एकूण प्रवाह पाहून भागत नाही. त्यातील रोधजन्य भाग वेगळा काढून मागील वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो.

आणि चकती कितीही चांगली असली, तरी लोंढा शेवटी जमिनीत जिरला पाहिजे. येथील काळी जमीन ओली असताना वीज सहज जिरविते. उन्हाळ्यात ती भेगाळते, भूसंपर्काच्या पट्टीपासून सुटते आणि खाली मुरूम व काळा पाषाण असतो. वळीव नेमका याच दिवसांत येतो. भूसंपर्काच्या खड्ड्यात पाणी घालणे आणि त्याचा रोध मोजणे हे काम त्यामुळे वळवाच्या आधीच, एप्रिलमध्ये उरकावे लागते.