काल काय होते, आज काय आहे?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पडघा-कळवा ही ४०० केव्हीची एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती. त्यात इतर वाहिन्याही सुटल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शंका मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. त्या वादात आपण पडायला नको. पण संगणकाच्या सेटिंगना कोणी हात लावला की नाही, हे ओळखायचे कसे?

उपकेंद्रात नोंदवही असते. कोणता ब्रेकर किती वाजता, कोणाच्या सांगण्यावरून उघडला, हे तीत लिहितात. सर्व्हरची सेटिंग बहुधा साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, आणि तिथे एखादी ओळ बदलली तर खाडाखोड दिसत नाही. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी फाइलींसाठी अशी नोंदवही रचली: बदललेल्या ओळी, तारीख, नाव, कारण. पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी 'आरसीएस'मध्ये ताजी फाइल अख्खी ठेवली आणि मागे जायला लागणारे फरक तेवढे साठवले. बहुतेकदा ताजीच तर लागते!

पण या वहीत प्रामाणिक माणूसच नोंद करणार. चोराचे काय? १९८८ च्या मॉरिस 'वर्म'ने हजारो संगणक अडवले, त्यानंतर हा प्रश्न ऐरणीवर आला. १९९२ मध्ये पर्ड्यूतच जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी 'ट्रिपवायर' लिहिले. ते प्रत्येक फाइलवरून गणिताने एक 'ठसा' काढून ठेवते आणि नंतर तो पुन्हा काढून ताडून पाहते.

ठसा म्हणजे काय, हे वर्गात दाखवता येईल. गुणपत्रकाची बेरीज हाही एक ठसाच. कोणी ४७ चे ७४ केले तर बेरीज चुकते. पण दुसऱ्या कुणाच्या ७४ चे ४७ केले तर? बेरीज जुळते, लबाडी लपते. म्हणून अधिक अवघड सूत्रे लागतात, आणि ट्रिपवायरमध्ये ती एकाहून अधिक होती. हे शहाणपणाचेच ठरले. त्यांपैकी 'एमडी५' या सूत्राने एकच ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली २००४ मध्ये चीनमधल्या वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवून दाखवल्या.

ठशांची यादी त्याच संगणकावर उघडी ठेवली, तर चोर तीही बदलेल. म्हणून ती केवळ वाचता येईल अशा तबकडीवर ठेवावी, असे ट्रिपवायरच्या कर्त्यांनी सांगितले होते.