टेकडीखालची अर्धी भूमी

पॅडर ओ गिलीन या आयरिश लेखकाची ‘द कॉल’ ही किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची सांगड सहजच ‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीशी घातली गेली. दोन्हींत कोवळ्या मुलांना मृत्यूच्या तोंडी दिले जाते, हे खरेच. परंतु एवढ्यावर तिचे कुळ ठरवणे म्हणजे तिच्या भयाचा उगम चुकीच्या ठिकाणी शोधणे होय. ते भय बाराव्या शतकातील हस्तलिखितांपर्यंत मागे जाते.

कादंबरीतील आयर्लंड पंचवीस वर्षांपासून उर्वरित जगापासून तोडले गेले आहे. तेथील प्रत्येक मुलाला पौगंडावस्थेत केव्हातरी ‘हाक’ येते. कपडे जागीच गळून पडतात आणि मूल ‘करड्या भूमीत’ नग्न अवस्थेत जाऊन पडते. तेथे ‘शी’ नावाचे अतिशय देखणे, हसतमुख लोक त्याची शिकार करतात. तेथील एक दिवस म्हणजे येथील तीन मिनिटे चार सेकंद. तेवढ्या वेळाने देह परत येतो. दहांतील जेमतेम एक जिवंत असतो. बाकीचे मेलेले किंवा मातीच्या गोळ्यासारखे मळून विद्रूप केलेले. आपल्या रसविचाराच्या परिभाषेत येथे भयानक सतत बीभत्सात उतरत राहतो, आणि शिकाऱ्यांचा खेळकर आनंद पाहता हास्यही फार दूर नसते.

हे ‘शी’ कोण? इंग्रजीने त्यांना ‘फेअरी’ म्हटले, आणि त्या शब्दासाठी आपण फारसीतून आलेला ‘परी’ हा शब्द वापरतो. दोन्ही शब्दांनी घात केला आहे. प्राचीन आयरिशमध्ये ‘सीद’ म्हणजे टेकडी, समाधीचा उंचवटा. आणि याच रूपाचा दुसरा अर्थ आहे शांतता, तह. हा योगायोग की एकाच धातूचा विस्तार, हा प्रश्न अभ्यासकांवर सोडला तरी कथांनी दोन्ही अर्थ एकत्र नांदवले आहेत. अकराव्या शतकात संकलित झालेल्या ‘लेबोर गबाला’ या आयर्लंडच्या पौराणिक इतिहासात मिलच्या वंशजांनी, म्हणजे गेल लोकांच्या पूर्वजांनी, आधीच्या तूआहा डे डानन या दैवी जमातीचा पराभव केला. एका कथेनुसार पुढे भूमीची वाटणी झाली: वरचा अर्धा भाग जेत्यांचा, खालचा जितांचा. ‘बुक ऑफ लेन्स्टर’ या बाराव्या शतकातील हस्तलिखितातील एक छोटी कथा याहून सूचक आहे. पराभूतांनी जेत्यांचे धान्य आणि दूध नासवले, तेव्हा कोठे दाग्दाशी तह झाला. म्हणजे वरच्यांचे पीकपाणी खालच्यांच्या संमतीवर अवलंबून होते.

येथेच या कादंबरीचा खरा पेच आहे. शतकानुशतके वसाहतीचे चटके सोसलेला समाज आपल्या आदिकथेत मात्र स्वतःच भूमी बळकावणारा ठरतो. ओ गिलीन हा मुद्दा झाकत नाही. त्याचे ‘शी’ निर्वासित आहेत आणि त्यांना आपली भूमी परत हवी आहे. उत्तरवसाहतिक समीक्षेची सवयीची द्वंद्वे येथे पुरी पडत नाहीत, कारण पीडित आणि अपहर्ता एकाच वंशवृक्षावर येतात.

कालाच्या उलटसुलट गतीविषयीही असेच म्हणता येईल. ओशीनच्या प्रसिद्ध कथेत चिरयौवनाच्या देशातील थोडा काळ म्हणजे येथील तीनशे वर्षे. कादंबरीत हे प्रमाण नेमके उलट आहे. पण तो लेखकाचा केवळ कल्पनाविलास नव्हे. ‘एख्त्रा नेराय’ या मध्ययुगीन कथेत साव्हिनच्या रात्री नेरा क्रूआहनच्या टेकडीत शिरतो, तेथे संसार मांडतो आणि परततो, तेव्हा त्याची माणसे अजून त्याच रात्रीच्या हंड्याभोवती बसलेली असतात. पुरावा म्हणून त्याला भर हिवाळ्यात उन्हाळ्याची झाडफुले आणावी लागतात. क्रूआहन रॉसकॉमन परगण्यात आहे; कादंबरीतील मुलांना जगण्याचे प्रशिक्षण देणारे विद्यालय ज्या बॉइल गावी आहे, तेही त्याच परगण्यात.

मग मधल्या काळात हे भय गेले कोठे? एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी बालवाङ्मयाने आणि चित्रकलेने त्याला पंख चिकटवून फुलावर बसवले. येट्सचे ‘द सेल्टिक ट्वायलाइट’ १८९३ मध्ये आले; त्यात गूढता आहे, धाकही आहे, पण संधिप्रकाशाचे मोहक आवरण त्याहून दाट आहे. अवघ्या दोन वर्षांनी, मार्च १८९५ मध्ये, टिपरेरी परगण्यातील ब्रिजेट क्लीअरी या तरुणीला तिच्या नवऱ्याने जाळले. खरी पत्नी ‘त्यांनी’ नेली आणि घरात आहे ती बदली, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरवले. वृत्तपत्रांत मात्र हे प्रकरण आयरिश लोक स्वराज्यास अपात्र असल्याचा दाखला म्हणून वापरले गेले. खेडुतांच्या तोंडी या लोकांचे नाव होते ‘भली माणसे’. आपल्याकडे रोगाला ‘देवी’ म्हटले गेले, त्यामागची भीती ज्याला कळते, त्याला या नावाचा अर्थ सांगावा लागू नये.

‘बदली मूल’ या समजुतीचा बळी बहुधा अपंग किंवा आजारी देह ठरे. म्हणून ओ गिलीनची नायिका नेसा पोलिओने पाय दुबळे झालेली आहे, हे मला कादंबरीतील सर्वांत विचारपूर्वक केलेले कृत्य वाटते. जगाशी संबंध तुटल्याने लस नाही आणि पोलिओ परतला आहे. १९५६ ची कॉर्कमधील साथ आठवणाऱ्या आयरिश वाचकाला हे परके वाटणार नाही. एकेकाळी जिच्याकडे ‘त्यांची’ म्हणून बोट दाखवले गेले असते, तीच येथे माणसांच्या बाजूने उभी राहते आणि तिला वाचवण्यात अर्थ नाही असे माणसेच सुचवतात. त्यामानाने विद्यालयातील खलपुरुष कॉनर सपाट उतरला आहे. त्याचे क्रौर्य सरधोपट आहे, त्याला टेकडीखालच्या इतिहासाचे ओझे नाही. ‘शीं’च्या क्रौर्याला ते आहे. दिलेला शब्द ते मोडत नाहीत, आणि तहाचा प्रश्न २०१८ च्या ‘द इन्व्हेजन’ या उत्तरभागातही त्यांच्यासोबत येतो.