‘आघातोत्तर’ म्हणजे नेमके कधी?

28 एप्रिल 2014. जामखेड तालुक्यातील खर्डा. नितीन आगे हा 17 वर्षांचा दलित विद्यार्थी जातीय द्वेषातून मारला गेला. नोव्हेंबर 2017 मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार उलटले. आपण त्यांना एका शब्दात निकालात काढले : फितूर! कोण पैशाने फिरले, कोण दबावाने, हे आम्ही सांगू शकत नाही. पण दहशत माणसाच्या मनाचे काय करते, हे चळवळीने शिकायलाच हवे.

घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, झोप उडणे, जरा आवाज झाला की दचकणे, त्या जागेचे नावही टाळणे. हे महिन्यापेक्षा जास्त टिकले आणि जगणे अडू लागले, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात, मराठीत आघातोत्तर तणाव विकार. पहिल्या महायुद्धात अशाच सैनिकांना भेकड ठरवले गेले. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक संघटित झाले, भांडले, तेव्हा कुठे 1980 मध्ये हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत आले. म्हणजे आजाराला नाव मिळवण्यासाठीही संघर्ष करावा लागला. (हे आपल्याला नवे नाही.)

उपचार आहेत. आघातावर केंद्रित समुपदेशन, गरज पडल्यास औषधे. पण उपचाराची पहिली पायरी सुरक्षितता, आणि आमचा आक्षेप इथेच आहे. ‘आघातोत्तर’मधला ‘उत्तर’ म्हणजे नंतर. आरोपी त्याच गावात, पाणवठा तोच, मजुरी त्यांच्याच शेतात, तर ‘नंतर’ सुरू कधी होणार? अशा आईची भीती हा केवळ विकार नाही, तो परिस्थितीचा अचूक अंदाजही आहे. गोळी देऊन तो पुसता येत नाही. म्हणून डॉक्टर आणि पोलीस संरक्षण, दोन्ही एकत्र मागावे लागेल.

कायदा हाताशी आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात 26 जानेवारी 2016 पासून लागू झालेले कलम 15 अ पीडित व साक्षीदारांना संरक्षण, पुनर्वसन आणि गरज पडल्यास स्थलांतराचा हक्क देते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 18 जातिभेदाविना उपचाराचा हक्क देते. आपण मात्र भेटीला जातो, फोटो काढतो, भरपाईचा चेक मिळेपर्यंत पाठपुरावा करतो आणि पुढच्या गावाला निघतो.

आता पीडितांच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी अर्जात एक ओळ वाढवावी : कुटुंबातील प्रत्येकाची, लहान मुलांचीही, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. केसपेपरची प्रत वकिलाच्या फायलीत ठेवावी. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक घरात लिहून द्यावा. आणि साक्षीच्या तारखेआधी त्या घरी आपल्यातले कुणीतरी मुक्कामाला असावे.